स्विचचं फर्मवेअर वाढवायचं, पण परतीचे दोर शाबूत ठेवून: तीन मार्गांची तुलना

मॉड केलेला, म्हणजे निंटेंडोच्या मान्यतेबाहेरचं सॉफ्टवेअर चालवणारा निंटेंडो स्विच हा गेम कन्सोल घरात आहे. नवा गेम सिस्टिम अपडेट मागतोय. एकदा वर गेलो की जुन्या फर्मवेअरवर (मशीनच्या सिस्टिम सॉफ्टवेअरवर) परत येता येईल का, ही धाकधूक आहे. अशा वेळी समोर तीन मार्ग असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन निंटेंडोचं सरळ अपडेट करायचं, ॲटमॉस्फिअर या मॉड सिस्टिमसोबत येणाऱ्या डेब्रेक या प्रोग्रामने ऑफलाइन अपडेट करायचं, किंवा मूळ सिस्टिमला हातच न लावता फक्त मेमरी कार्डावरची सिस्टिमची प्रत, म्हणजे इम्यूएमएमसी, अपडेट करायची. माझा कौल तिसऱ्या मार्गाला आहे, पण तो सरसकट सगळ्यांना लागू होत नाही.

परतीच्या वाटेवरचा सगळ्यांना माहीत असलेला अडथळा म्हणजे फ्यूज. स्विचच्या टेग्रा एक्स-१ चिपमध्ये एकदाच जळणारे बारीक फ्यूज आहेत. निंटेंडोचा बूटलोडर (मशीन चालू करताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) सुरू होताना जळलेले फ्यूज मोजतो. फर्मवेअरला हवेत त्यापेक्षा कमी जळलेले असतील तर उरलेले जाळतो, आणि जास्त जळलेले दिसले तर सिस्टिम सुरूच होऊ देत नाही. ६.१.० ला ७ फ्यूज लागतात, ६.२.० ला ८, ७.०.० पासून ८.०.१ पर्यंत ९, ८.१.० ला १० आणि ९.०.० ला ११. म्हणजे प्रत्येक अपडेटला फ्यूज जळतोच असं नाही. ७.०.० वरून ८.०.१ ला गेलं तर आकडा हलत नाही.

फ्यूज अपडेट करताना जळत नाहीत. अपडेटनंतर निंटेंडोचा स्वतःचा बूटलोडर पहिल्यांदा चालतो तेव्हा ते जळतात. हेकाटे किंवा फ्यूझे या मॉडवाल्यांच्या बूटलोडरमार्गे बूट केलं तर ती मोजणी होतच नाही. खालची सगळी तुलना या एका गोष्टीवर उभी आहे.

दुसरा अडथळा माझ्या मते जास्त त्रासदायक आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. गेमची कार्ट्रिज घालायच्या खाचेमागे एक वेगळी चिप असते आणि तिचं फर्मवेअरही वेगळं असतं. ४.०.० मध्ये ते बदललं, ९.०.० मध्ये पुन्हा बदललं, आणि त्यानंतरही काही वेळा. नव्या सिस्टिमने ही चिप एकदा अपडेट केली की जुन्या सिस्टिमला ती ओळखता येत नाही. तुम्ही खाली याल, सिस्टिम सुरू होईल, पण कार्ट्रिज वाचली जाणार नाही. हेकाटेमार्गे बूट केल्याने यातून सुटका होत नाही, कारण चिपवर लिहिणारी सिस्टिम आहे, बूटलोडर नव्हे.

यावरचा उतारा म्हणजे ॲटमॉस्फिअरमधलं नोजीसी हे सेटिंग. ते लागू असलं की सिस्टिम कार्ट्रिजच्या खाचेकडे जातच नाही, त्यामुळे चिपचं फर्मवेअर जुनंच राहतं. ते आपोआप लागू करायचं की नाही, हे ॲटमॉस्फिअर जळलेल्या फ्यूजवरून ठरवतं. फ्यूज ८.१.० एवढेच जळलेत आणि तुम्ही ९.०.० च्या पुढची सिस्टिम सुरू केलीत, तर तुम्हाला खाली राहायचंय असं ते समजतं आणि खाच बंद ठेवतं. एका गाफील क्षणी फ्यूज जळले की हे आपोआप मिळणारं संरक्षणही गेलं. मग स्ट्रॅटोस्फिअरच्या आयएनआय फाइलमध्ये नोजीसी हाताने चालू करावं लागतं.

तिसरा अडथळा सेव्ह डेटाचा. नव्या सिस्टिमने बदललेले सिस्टिम सेव्ह जुनीला नेहमी पचत नाहीत, म्हणून डाउनग्रेड करताना बहुधा फॅक्टरी रीसेट करावाच लागतो. जुना पूर्ण बॅकअप हाताशी असला तर ही अडचण राहत नाही.

आता मार्गांकडे वळू. निंटेंडोचं सरळ अपडेट सगळ्यात सोपं आहे, पण परत येण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. ॲटमॉस्फिअर न चालवता ते केलं तर मेमरीतला बूट-झिरो हा बूटलोडरचा भाग नव्याने लिहिला जातो आणि तिथं केलेला ऑटोआरसीएमचा बदल (त्याबद्दल पुढे) पुसला जातो. पुढच्या रीस्टार्टला निंटेंडोचा बूटलोडर चालतो, फ्यूज जळतात आणि कार्ट्रिजची चिपही वर जाते. मॉड केलेलं मशीन निंटेंडोच्या सर्व्हरशी जोडल्यामुळे बॅनचा धोका येतो तो वेगळाच. ज्याला डाउनग्रेडची गरज कधीच पडणार नाही याची पक्की खात्री आहे, त्यानेच या वाटेला जावं.

डेब्रेकचा मार्ग बराच शहाणा आहे. फर्मवेअरच्या फाइल्स कार्डावर एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, विमान मोड चालू करायचा आणि होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम) मेनूतून डेब्रेक उघडायचं. फोल्डर निवडला की ते आधी फाइल्स तपासतं, मग सेटिंग्ज राखायच्या की फॅक्टरी रीसेट करायचा हे विचारतं, आणि शेवटी कार्डाच्या फॉरमॅटपैकी फक्त फॅट३२ की सोबत एक्सफॅटही, असं विचारतं. कार्ड फॅट३२ असेल तर तेच निवडा. होमब्रूच्या वापरात एक्सफॅट कार्डांवरचा डेटा बिघडण्याचे प्रकार जास्त होतात. फर्मवेअरच्या आधी ॲटमॉस्फिअर अपडेट करायचं, हा क्रम कधीही उलटा करू नका. नवं ॲटमॉस्फिअर जुन्या फर्मवेअरवर चालतं, पण जुनं ॲटमॉस्फिअर नव्या फर्मवेअरवर सुरूच होत नाही.

फ्यूज वाचवायचे तर डेब्रेकनंतर प्रत्येक बूट हेकाटे किंवा फ्यूझेमार्गेच झाला पाहिजे. यासाठी ऑटोआरसीएम असतं. त्यात बूट-झिरोमध्ये मुद्दाम बिघाड करतात, म्हणजे मशीन दरवेळी आरसीएम या दुरुस्तीसाठीच्या मोडमध्येच उठतं आणि निंटेंडोच्या बूटलोडरला संधीच मिळत नाही. ॲटमॉस्फिअर चालू असताना अपडेट केलं तर ते हा बिघाड जपून ठेवतं. त्याची किंमत रोजच्या वापरात मोजावी लागते. बॅटरी संपली की मशीन काळ्या पडद्याने आरसीएममध्ये पडून राहतं, आणि पेलोड (हेकाटेसारखा सुरुवातीचा प्रोग्राम) पाठवायला फोन किंवा कॉम्प्युटर जवळ नसेल तर तुम्ही अडकलात. पॅच झालेल्या, म्हणजे आरसीएममधली चूक कारखान्यातच बुजवलेल्या मशीनवर ऑटोआरसीएम करायचंच नाही. तिथं आरसीएमचा उपयोगच नाही, त्यामुळे मशीन ठप्प होईल. हेकाटे अशा मशीनवर तो पर्याय स्वतःच बंद ठेवतं.

राहिला इम्यूएमएमसीचा मार्ग. मूळ मेमरीची एक पूर्ण प्रत कार्डावर असते आणि ॲटमॉस्फिअर तिच्यातून चालतं. डेब्रेक वापरून ही प्रत हवी तेवढी वर न्या, मूळ सिस्टिम जागची हलत नाही. इम्यूएमएमसी निंटेंडोच्या बूटलोडरने सुरूच होत नाही, म्हणून फ्यूज जळायचा प्रश्न येत नाही. गडबड झाली तर प्रत पुसून मूळ मेमरीवरून नवी करता येते. जुन्या मॉडेलची मेमरी ३२ जीबी आहे, त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड कसंबसं पुरतं. १२८ किंवा त्याहून मोठंच घ्या, आणि प्रत फाइलमध्ये ठेवण्याऐवजी कार्डावर वेगळं हिडन पार्टिशन करा.

पण कार्ट्रिजची चिप मूळ सिस्टिम आणि इम्यूएमएमसी या दोघींना एकच आहे. मेमरीच्या प्रती दोन झाल्या तरी खाच एकच राहते. इम्यूएमएमसी ९.०.० च्या वर आणि मूळ सिस्टिम त्याखाली ठेवली, तर वरच्या बाजूला नोजीसी हवंच, म्हणजे तिथं कार्ट्रिज चालणार नाही. तुमच्याकडे कार्ट्रिजवरचे विकत घेतलेले गेम बरेच असतील आणि ते नवीन फर्मवेअर मागत असतील, तर हा मार्ग अपुरा पडतो. अशा माणसाने खालच्या फर्मवेअरचा हट्ट सोडावा, पूर्ण बॅकअप घ्यावा आणि डेब्रेकने मूळ सिस्टिम वर न्यावी, असं मला स्पष्ट वाटतं.

तुमचं मशीन कुठलं, यावरही बरंच अवलंबून आहे. एप्रिल २०१८ मध्ये उघड झालेली आरसीएममधली चूक चिपमधल्या न बदलता येणाऱ्या बूटरॉममध्येच होती, म्हणून तेव्हाच्या मशीनमध्ये ती कुठल्याही अपडेटने बुजवता येत नाही. अशा मशीनमध्ये शिरायचा दरवाजा कायम उघडा असतो, आणि जळलेले फ्यूज ही मोठी आपत्ती नव्हे. फार तर खाली आल्यावर दरवेळी हेकाटेमार्गे बूट करावं लागेल. २०१८ च्या मध्यानंतरची पॅच झालेली मशीन, २०१९ पासूनची मारिको या नव्या चिपची, लाइट आणि ओएलईडी यांना मॉडचिप (आत सोल्डर करायची वेगळी चिप) लागते. मॉडचिप नसलेल्या पॅच मशीनवर ४.१.० सारखं जुनं फर्मवेअर असेल तर ते मुळीच वाढवू नका, कारण सॉफ्टवेअरमधून शिरायची वाट अशा जुन्या आवृत्त्यांतच आहे. मारिकोवर आणखी एक जपायची गोष्ट आहे. झोपेतून उठवणारा प्रोग्राम तिथं बदलता येत नाही, म्हणून ॲटमॉस्फिअर त्याच्या प्रती कार्डावर वॉर्मबूट मारिको या नावाच्या फोल्डरमध्ये साठवतं. साफसफाई करताना तो फोल्डर उडवला आणि मग खाली आलात, तर स्लीप मोड गेलाच म्हणून समजा.

भारतात स्विच अधिकृतपणे विकला जात नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं किंवा परदेशातून कोणी पाठवलेलं सेकंडहँड मशीन किती हातांतून गेलंय, ते सांगता येत नाही. म्हणून मार्ग निवडायच्या आधी हेकाटेच्या कन्सोल इन्फोमध्ये जाऊन जळलेल्या फ्यूजचा आकडा बघा आणि सेटिंग्जमधल्या फर्मवेअरशी ताडून पाहा. फर्मवेअर ९.०.१ आणि फ्यूज ११ असेल तर मशीन निंटेंडोच्या बूटलोडरने सुरू झालेलं आहे. फ्यूज १० किंवा त्याहून कमी असतील तर आधीच्या मालकाने ते जपले आहेत, आणि तुम्हालाही ते जपता येतील. आकडा १२ किंवा जास्त असेल तर मशीन एकदा वर जाऊन खाली आलेलं आहे, तेव्हा पैसे देण्याआधी त्यात एक कार्ट्रिज घालून बघा. त्यानंतर बूट-झिरो, बूट-वन आणि रॉ-नँड या मेमरीच्या तिन्ही भागांचा बॅकअप घ्या, तो कॉम्प्युटरवर आणि शिवाय एका वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि मगच डेब्रेक उघडा.