तुळईतली अळी म्हणून हुमणी दाखवली, 14 हजार घेऊन गेले

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं कडीपाटाचं घर आहे. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात दोघे जण दारात आले. "मावशी, पुराचं पाणी शिरलेल्या घरांची लाकडं तपासतोय." 2019 च्या महापुरात आमच्याकडे पाणी होतंच, त्यामुळे आईला पटलं. मी कामावर होतो.

एकाने शिडीवर चढून पटाशीने तुळई खरवडली आणि मूठ उघडली. आत करंगळीएवढी जाड, वळवळणारी पांढरी अळी. "अशा शेकडो आहेत, छत कधीही खाली येईल." आई घाबरली. संध्याकाळपर्यंत रॉकेलच्या वासाचं काहीतरी फवारून 14 हजार रोख घेऊन गेले.

मला दाखवायला आईने अळी बरणीत ठेवली होती. रविवारी पलूसचे मामा आले. त्यांचा ऊस आहे. बरणी उजेडात धरताच म्हणाले, "अगं अक्का, ही हुमणी! ही मातीत राहून पिकाच्या मुळ्या खाते, लाकडात कशाला जाईल?" तपकिरी डोकं, पुढे पायांच्या तीन जोड्या, अंग कोयत्यासारखं वाकलेलं. शेपटाकडे कातडीतून काळसर दिसत होतं, ती पोटातली माती. वाळलेल्या तुळईत माती खायला कुठून मिळणार?

तुळईला छिद्रं होती, पण टाचणीच्या डोक्याएवढी. ती बारीक भुंगेऱ्याची. त्याचीही अळी वाकडीच, मात्र तांदळाच्या दाण्याएवढी, आणि भुसा मैद्यासारखा. ती लाकडाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागातला स्टार्च खाते. जुन्या लाकडात तो फारसा उरत नाही. आम्ही खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस वाट पाहिली. चिमूटभरही भुसा पडला नाही. छिद्रं कधीचीच जुनी होती.

लाकडात मोठी अळी नसतेच असं नाही. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी चांगली बोटभर होते, पण ती सरळ, लांबट, पाय जवळजवळ नसलेली. म्हणून कुणी अळी दाखवली तर आधी त्याचा हात रिकामा बघा, मग ढलपी तुमच्यासमोर काढायला लावा. खरी अळी स्वतःच्या बोगद्यात, भुशात बसलेली दिसते.

पोलिसांत अर्ज दिलाय. पावतीवरचा नंबर लागत नाही. आईला आता आठवतंय, त्यांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकचा डबा होता, झाकणाला ओली माती लागलेला.