सिडारच्या भिंती धुवायला दिल्या आणि लाकूडच धुऊन गेलं

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. बाहेर चाळिशीचा एक माणूस उभा होता. स्वच्छ शर्ट, हातात फाइल, मागे रस्त्यावर पांढरी व्हॅन. "मागच्या गल्लीत तुमच्यासारख्याच एका घराचं काम करतोय. जाता जाता तुमची उत्तरेकडची भिंत दिसली, म्हणून थांबलो." पुढच्या पाऊण तासात मी ४,८०० डॉलरच्या कागदावर सही केली आणि निम्मे पैसे बँकेच्या ॲपवरून तिथल्या तिथे पाठवले. त्या सहीची किंमत शेवटी वीस हजारांच्या वर गेली.

हे सविस्तर लिहितेय, कारण अमेरिकेत लाकडी घर घेणारे आपल्यातले बरेच जण माझ्यासारखेच विटा-सिमेंटच्या भिंतींत वाढलेले असतात. लाकडाची भिंत कधी आजारी पडते आणि कधी नुसतीच मळते, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. नेमकं त्यावरच या लोकांचं पोट चालतं.

आमचं घर सिएटलच्या ईशान्येला, बॉथेलमध्ये आहे. १९७९ साली बांधलेलं. बाहेरून सगळीकडे सिडार नावाच्या झाडाच्या लाकडाच्या फळ्या, कौलांसारख्या वरच्या फळीची कड खालचीवर चढवलेल्या. याला इथे साइडिंग म्हणतात. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत इकडे रिपरिप चालू असते आणि उत्तरेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे तिथे काळे ठिपके येतात. आमच्याकडेही होते, खिडकीच्या खाली जास्त.

त्या माणसाने आधी आमचाच पाण्याचा होस घेऊन भिंतीवर फवारा मारला. "मळ किती खोल गेलाय बघतो," म्हणाला. मग खिशातून दोन टाचण्यांसारखी टोकं असलेलं ओलावा मोजायचं यंत्र काढून फळीत खुपसलं. आकडा आला ३२. मग काळ्या ठिपक्यावर नख घासून मला दाखवलं, "ही कूज आहे. या पावसाळ्यात फळ्या गेल्या की आतली चौकट जाईल." मी घाबरले. आत्ताच पाणी मारलेल्या लाकडात ओलावा जास्तच दिसणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता माझ्याकडे तसंच यंत्र आहे, तीस-पस्तीस डॉलरला मिळतं. चार दिवस पाऊस नसताना तीच भिंत १२ टक्के दाखवते. लाकूड २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी त्यात वाढूच शकत नाही.

आणि ते काळे ठिपके? ती वरवरची बुरशी होती. ओळखायची रीत इतकी सोपी आहे की आठवलं की जीव हळहळतो. घरातल्या साध्या क्लोरीन ब्लीचचा एक थेंब ठिपक्यावर टाकायचा. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर धूळ किंवा दुसरा काही डाग. ब्लीचची बाटली तेव्हा दहा पावलांवर कपडे धुवायच्या खोलीत होती.

सही करायला मला कशाने तयार केलं, तेही सांगते. तो म्हणाला, "धुऊन झालं की लाकडाला तेल पाजतो. रंग वर बसतो, तेल आत मुरतं." माझं सासर देवगडचं. तिथल्या जुन्या घरात दारांना, वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. त्याचा तो उग्र वास आणि काळपट चकाकी मी लग्न झाल्यापासून पाहत आलेय. 'तेल पाजतो' म्हटल्यावर मला वाटलं, या माणसाला लाकूड कळतं. माणसं या आठवड्यात मोकळी आहेत, उद्याच सुरू केलं तर बाराशे डॉलर कमी, असंही तो म्हणाला. ही घाई का होती ते मला पुढे कळलं.

शुक्रवारी सकाळी दोन पोरं प्रेशर वॉशर घेऊन आली. त्या जोराने पाणी मारणाऱ्या यंत्रावर ३,२०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) लिहिलेलं होतं. नोझल भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून त्यांनी सुरुवात केली, आणि करड्या फळ्यांमधून मधासारखं सोनेरी लाकूड बाहेर पडायला लागलं. मी खिडकीतून फोटो काढत होते. सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. नाना कधी सुतारकाम करत नव्हते, पण स्वतःच्या होडीची डागडुजी त्यांनी आयुष्यभर केलीय. ते मागच्या दारी गेले, भिंतीखाली साचलेल्या तपकिरी पाण्यात हात घालून चिमूटभर गाळ उचलला आणि अंगठ्याने तळहातावर चोळला. बारीक बारीक तंतू होते, भिजलेल्या काथ्यासारखे. मला हाक मारून म्हणाले, "ह्यो मळ नाय गो. ह्यां लाकूड आसा."

मी म्हटलं, "नाना, इथली पद्धत वेगळी असते." हे वाक्य मला अजून टोचतं.

सिडार मऊ असतं. त्यात कठीण आणि मऊ असे थर एकाआड एक असतात. जोराच्या पाण्याने मऊ थर खरवडून निघतो, कठीण थर उभा राहतो. नवं दिसतं, कारण वरचा जुना थर खरोखरच सोलून काढलेला असतो. शिवाय तसं पाणी खालून वर मारलं की ते फळ्यांच्या चढावातून मागे घुसतं, आणि तिथून त्याला सुकायला वाट मिळत नाही.

शनिवारी सकाळी, म्हणजे जेमतेम एका रात्रीत, त्यांनी तेल लावलं. भिंत हाताला गार लागत होती. सैल झालेल्या फळ्या खिळे मारून बसवल्या. आणि प्रत्येक फळीची खालची कड, जिथे ती पुढच्या फळीवर टेकते, ती सीलंटने, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाने, भरून टाकली. "आता पाण्याचा थेंब आत जाणार नाही," असं सांगून त्याने उरलेले पैसे घेतले. व्हॅन गेली. तेलाच्या चिंध्या गॅरेजशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात गोळा करून टाकलेल्या होत्या.

सप्टेंबरच्या ७ तारखेला गणपती बसले. दर्शनाला आलेला प्रत्येक जण आधी घर बघून थांबायचा. दोन कुटुंबांनी त्या माणसाचा नंबर मागितला, मी दिला. त्यातल्या एकांकडून त्याने १,५०० डॉलर आगाऊ घेतले आणि तो फिरकलाच नाही. माझ्या शब्दावर त्यांनी पैसे दिले होते. त्यांना फोन करताना माझी जीभ उचलत नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात प्रत्येक खिळ्याखाली निळसर काळा ओघळ आला, काजळ पसरल्यासारखा. सिडारमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, आणि साध्या लोखंडी खिळ्याशी ओलाव्यात त्याचा संयोग झाला की असा डाग पडतो. स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळे हवे होते. हे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण खिळा तोच राहिला तर पुन्हा येतात. दिवाळीपर्यंत भिंत घोंगडीसारखी खरखरीत झाली आणि काळे ठिपके पहिल्यापेक्षा दाट आले, या वेळी दक्षिणेलाही. ते 'तेल' म्हणजे थिनर घालून पातळ केलेलं जवसाचं तेल होतं, आपल्याकडचे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्या जातीचं. बुरशीनाशक न घातलेलं जवसाचं तेल बाहेरच्या भिंतीला लावणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं.

१९ नोव्हेंबरच्या मोठ्या वादळात आमची वीज गेली. वीज आली त्या दिवशी नानांनी त्यांच्या खोलीत कुबट वास येतो म्हणून सांगितलं. खिडकीच्या खाली आतल्या रंगाला फोड आला होता.

तेव्हा कुठे मी रीतसर चौकशी करून एका साठीच्या सुताराला बोलावलं. त्याने बाहेरून एक फळी पहारीने हळूच उचलली. मागून पाणी ओघळलं. फळ्यांमागचा पाणी अडवणारा कागद काळा पडला होता आणि त्यामागचं प्लायवूड बोटाने दाबलं तर दबत होतं. त्याने सीलंटची एक लांब पट्टी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. चढावाच्या त्या फटी मोकळ्याच ठेवायच्या असतात, म्हणाला. आत गेलेलं पाणी आणि वाफ तिथूनच बाहेर पडते. सीलंट लागतो तो खिडकी-दारांच्या बाजूंना. आमची भिंत त्या माणसाने बाटलीला बूच लावावं तशी बंद केली होती. उत्तरेची आणि पूर्वेची भिंत उघडून पुन्हा बांधायला १५,३०० डॉलर लागले. वाईट कारागिरीमुळे झालेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नव्हतं.

तेलाच्या चिंध्यांचं ऐकल्यावर तो सुतार काही क्षण बोललाच नाही. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, आणि चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात. आमचा डबा गॅरेजच्या भिंतीला टेकून होता आणि वरच्या खोलीत मुलं झोपत होती. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवायच्या, किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात झाकण लावून ठेवायच्या. कोणीही तुमच्या घराला तेल लावत असेल, तर संध्याकाळी हे स्वतः तपासा.

पैशांच्या मागे मी चार महिने होते. वॉशिंग्टन राज्यात कंत्राटदाराला लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याकडे नोंदणी करावी लागते. १ जुलै २०२४ पासून सर्वसाधारण कंत्राटदाराला ३०,००० डॉलरचा आणि एकाच प्रकारचं काम करणाऱ्याला १५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे ग्राहकाच्या नुकसानभरपाईसाठीची हमी, ठेवावा लागतो. हजार डॉलर किंवा त्यावरच्या घरकामाला ग्राहकाच्या हक्कांची माहिती देणारा कागदही द्यावा लागतो. मला तो मिळालाच नव्हता. त्या व्हॅनवाल्याच्या कार्डावर नोंदणी क्रमांक होता, म्हणून मी निश्चिंत होते. खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहायला दोन मिनिटं लागली: क्रमांक दुसऱ्याच नावाचा, मुदत संपलेला, बाँड रद्द. स्मॉल क्लेम्स न्यायालयात इथे १०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो, पण समन्स पोचायला पत्ता लागतो. त्याचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी निघाली. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

आणि आता त्या घाईचं कारण. विक्रेता न बोलावता दारी येऊन सौदा करतो तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. शनिवार धरतात, रविवार आणि केंद्राची सुट्टी सोडतात. मी गुरुवारी सही केली, म्हणजे सोमवार १९ ऑगस्टची मध्यरात्र. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, मी नारळीभात करत होते. या हक्काची माहिती आणि रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती त्यानेच मला द्यायला हव्या होत्या. शनिवारी काम उरकून, पूर्ण पैसे घेऊन तो निघून गेला, कारण सोमवारपर्यंत मला विचार करायला वेळ मिळू नये.

इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीला लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी आगाऊ रक्कम दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. तुमच्या राज्याचं बघून ठेवा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तसा रंग कोणी जोराच्या पाण्याने उडवत असेल तर मुलांना आत घ्या आणि काम तिथेच थांबवा.

या जुलैत भिंती मी स्वतः धुतल्या. आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, साधा होस. बुरशीच्या जागी एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, खालची झुडपं आधी भिजवून आणि झाकून. (ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.) भिंतीला पाणी मारणारं तुषारसिंचनाचं एक नळकांडं वळवलं, भिंतीला टेकलेलं रोडोडेंड्रॉनचं झुडूप छाटलं. दोन शनिवार-रविवार गेले, खर्च साठ डॉलरच्या आत. मग आठवडाभर उन्हात वाळू दिलं, यंत्राने ओलावा मोजला आणि मगच बुरशीनाशक असलेला, लाकडात मुरणारा स्टेन (लाकडाचा पातळ रंग) लावला. तीन-चार वर्षांनी पुन्हा लावावा लागेल. नाना फोनवर रोज विचारत होते, पाण्यात तंतू येतात का. नाही आले.

ऑगस्टच्या एका शनिवारी दोन गल्ल्या पलीकडे एक पांढरी व्हॅन दिसली. माणूस वेगळा होता. तो गेल्यावर मी त्या घराची बेल वाजवली. सत्तरीच्या बाई होत्या. आदल्या दिवशी सही केली होती, काम सोमवारपासून होतं, आगाऊचा चेक त्याच्याकडे होता. माझ्या फोनमधले फळीमागच्या प्लायवूडचे फोटो त्यांनी चष्मा लावून एकेक करून पाहिले. मग जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सौदा रद्द केल्याचं पत्र लिहिलं, आणि चेक थांबवायला मी त्यांच्यासमोर बँकेला फोन लावून दिला. पोस्ट दुपारी एकला बंद होणार होतं. पत्र मीच घेऊन गेले, रजिस्टर केलं आणि तारखेचा शिक्का मारलेली पावती त्यांना परत आणून दिली.