आमच्या पॅरिशची कोविडमधली घरपोच सेवा: यूट्यूबला तीन स्टार, साध्या फोनला पाच

लोक मिसळीचा रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचा लिहितात, मग चर्चच्या सेवेचा का नको, म्हणून लिहून सोडतोय. पॅरिशचं (एका चर्चखाली येणाऱ्या सगळ्या घरांचं) नाव घालत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे आणि तेव्हाचे फादर आता बदलून गेलेत. एवढंच सांगतो की हे बेळगावच्या कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल नव्हे. बेळगावच्या कडेचं छोटं पॅरिश, थोडी घरं गल्लीत, थोडी पार खानापूरच्या बाजूला रानात पसरलेली, एक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोंकणीत, एक मराठीत, मधनंमधनं कन्नड, आणि ज्यांना इंग्लिश पाहिजे ते कॅम्पात जातात. असली माणसं एकत्र धरून ठेवायची म्हणजे साध्या दिवसात सुद्धा खेळ नव्हे, त्यात कोरोना.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० ला गुड फ्रायडे, १२ ला ईस्टर, म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा आणि दाराला कुलूप. रोमवरनं आधीच कळवलेलं की पवित्र गुरुवारी पाय धुवायचा विधी गाळायचा. गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन पण फक्त विधी करणाऱ्या फादरनं घ्यायचं होतं. झावळ्या वाटायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडं फादरनी दोन दिवसांत ठरवलं की मिस्सा ऑनलाइन द्यायची.

तर आधी यूट्यूब. तेव्हा फोनवरनं लाइव्ह जायला यूट्यूबला हजार सबस्क्रायबर लागायचे, आणि आमच्या पॅरिशची पोरंबाळं धरून तेवढी माणसं नाहीत. म्हणून सुरुवातीला फेसबुकवर, तिथं ती अट नव्हती खरं म्हाताऱ्या माणसांचं अकाउंट नव्हतं, मग कॉयरमधल्या (गाणाऱ्यांच्या गटातल्या) एका पोरानं लॅपटॉप आणून वेबकॅम लावला तेव्हा कुठं यूट्यूब चालू झालं. चित्र बरं होतं. आवाज मात्र विहिरीतनं आल्यासारखा, कारण रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो हे माणसांनी भरलेलं असताना कधी कोणाला कळलंच नव्हतं. नंतर फादरच्या कॉलरला वायरवाला छोटा माइक लावला तेव्हा प्रवचन कळायला लागलं. हा माइक पहिल्याच दिवशी घ्यायला पाहिजे होता, कॅमेऱ्यापेक्षा आधी.

अडचण दुसरीच होती. एकदा मिस्सा स्क्रीनवर आली की आपली मिस्सा आणि रोमची मिस्सा शेजारी शेजारी बसतात. पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमधल्या सान्ता मार्ताच्या चॅपेलमधनं १७ मेपर्यंत रोज सकाळी लाइव्ह होते. गोव्याची कोंकणी मिस्सा सीसीआर टीव्हीवर, वसईकडच्या चर्चांची मराठी मिस्सा यूट्यूबवर, गायन झकास, आवाज स्वच्छ. मग आमच्या वॉर्डात (पॅरिशच्या आमच्या भागात) कोण वसईला गेलं, कोण गोव्याला, सोफ्यावर बसून. आमच्या मिस्सेला तीस पस्तीस जण दिसायचे, त्यातले अर्धे मधूनच गायब.

तरी तीन स्टार देतोय ते एका गोष्टीसाठी. आमचे फादर मिस्सेच्या शेवटाला नावं वाचायचे, कोण आजारी, कोण वारलं, कोणाचा वाढदिवस, कोणाच्या पोरीचं लग्न पुढं गेलं. आई पूर्ण मिस्सा जप करत ऐकायची आणि नावं आली की आवाज मोठा करायला सांगायची. ती नावं वसईवाले वाचणार नाहीत की. २७ मार्चला पोपनी पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात आशीर्वाद दिला तो आम्ही सगळ्यांनी बघितला, अंगावर काटा आला, खरं तो बघून मागच्या गल्लीतल्या आंटीला शुगरच्या गोळ्या मिळाल्या काय ते कळत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप तर होताच. त्यात काढ्याचे फॉरवर्ड, कुठल्यातरी देशात रस्त्यावर पडलेल्या माणसांचे व्हिडिओ, आणि कोणाच्या तरी घरच्या केकचे फोटो. दोन आठवड्यांनी ॲडमिननी फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून सोडलं. शांतता झाली, खरं आता कोणाला काय पाहिजे ते सांगायला पण जागा राहिली नाही. पोरांचं कॅटेकिजम (धर्मशिक्षणाचा वर्ग) झूमवर झालं, फुकटच्या झूमला चाळीस मिनिटं झाली की मीटिंग आपोआप बंद, टीचरनी त्याचाच फायदा घेतला, पोरं खूश. त्याच्याबद्दल जास्त लिहायला काय नाही.

आता मुख्य गोष्ट, फोन.

आमच्या वॉर्डाची लीडर एक रिटायर्ड शाळेची बाई, सगळे त्यांना बाईच म्हणतात. लॉकडाऊनच्या सुरुवातीलाच त्यांनी एक वही केली. घर, नंबर, कोणता फोन, कोणती औषधं, घरी तरणं माणूस आहे काय. त्या वहीवरनं कळलं की वॉर्डातल्या जवळजवळ सगळ्या म्हाताऱ्यांकडं बटणाचा फोन आहे. यूट्यूबची लिंक त्यांना पाठवून काय उपयोग, लिंक पोराच्या फोनवर जायची आणि पोरगं अडकलेलं पुण्यात. म्हणून बाईंनी संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कॉन्फरन्स कॉलवर चालू केली. साधा कॉल लावायचा, होल्ड, दुसरा लावायचा, मर्ज. असं करत एका फोनवरनं पाच जणांपर्यंत जोडता येतात. आणि रोझरीत दहाचे गट पण पाचच! म्हणजे प्रत्येकीनं एकेक दहाक (दहाचा गट) घ्यायचं, बाईंनी सुरुवातीचा विश्वासांगीकार आणि शेवटची लादीन (मरियेची स्तुती). कोणी डोकं लावून बनवलेलं नाही, आपोआप बसलं.

आमच्या आईचा फोन मी स्पीकरवर ठेवायचो म्हणून सगळं ऐकलंय. नंबर लावला की तेव्हा आधी ती सरकारी कोरोनाची ट्यून, पहिल्यांदा खोकला आणि मग सूचना, पाच नंबरांना पाच वेळा खोकला, बाई वैतागून जायच्या. सुरुवातीला सगळ्या एकदम म्हणायला लागल्या तर आवाज मागंपुढं, एकीचं 'आमेन' येईपर्यंत दुसरी पुढच्या 'नमान मोरिये'वर (मरियेच्या प्रार्थनेवर). मग नियम केला, एकीनं म्हणायचं, एकीनंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी ओठात. एक दहाक कोंकणीत, एक मराठीत, आमच्या मागच्या आंटी कन्नडमध्ये. मधेच कुकरची शिट्टी, कोणाचं तरी कुत्रं, कोणाची सून 'चहा ठेवू काय' विचारते. म्यूट कसं करायचं कोणाला येत नव्हतं आणि बरंच झालं, कारण रोझरी संपली की लगेच कोणी फोन ठेवायच्या नाहीत. त्या पुढच्या दहा मिनिटांत सगळं बाहेर यायचं. बीपीच्या गोळ्या संपल्या, गॅस सिलेंडर आला नाही, नवऱ्याला दोन दिवस कणकण आहे. बाई वहीत लिहून घ्यायच्या आणि रात्री फादरना फोन, दुसऱ्या दिवशी पास असलेली पोरं बाइकवरनं गोळ्या आणून द्यायची. एका घरात ताप लपवलेला तो असाच कळला, माणसाला वेळेत सिव्हिलला नेलं.

यूट्यूबवर फादर आमच्याशी बोलायचे, आम्ही त्यांच्याशी नाही. फोनवर एकमेकांशी बोलणं व्हायचं. फरक तेवढाच आहे, खरं तोच सगळा फरक आहे.

काही गोष्टी फोनवर होत नाहीत, ते पण सांगतो. एका अंकलनी विचारलं कन्फेशन फोनवर घेता काय, फादरनी सरळ नाही म्हटलं, तो संस्कार समोरासमोरच. त्यांनी समजावलं की फादर मिळत नसेल तर मनापासून पश्चात्ताप करा, देवाशी बोला, आणि जमेल तेव्हा पहिल्यांदा कन्फेशनला या. पोपनी पण त्या मार्चमध्ये हेच सांगितलेलं. कम्युनियनच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या) जागी आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकरी न घेता मनानं घ्यायची, प्रार्थना. आई ती म्हणायची, आणि संपल्यावर दर वेळी म्हणायची, 'बरं आहे, खरं भूक जात नाही.' ह्याला मी स्टार कसे देणार.

आणि अंत्यविधी. पहिल्या लॉकडाऊनमध्ये वीसच माणसं चालायची. २०२१ च्या मार्चमध्ये आमचा मामा कोल्हापुरात गेला. जायला काही नाही, खरं परत येताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातनं येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट पाहिजे. आईला घेऊन टेस्टच्या लाइनीत कोण उभं राहणार, म्हणून व्हिडिओ कॉल. भाच्यानं फोन धरलेला, हात थरथरत होता, अर्धा वेळ आभाळ आणि नारळाची झाडं दिसली. त्या संध्याकाळी बाईंनी रोझरी मामाच्या नावानं ठेवली, पाचही दहाकं आईला म्हणायला दिली.

आता तक्रार. ८ जून २०२० ला देवळं, चर्च, मशिदी उघडायला परवानगी मिळाली. टोकन, सॅनिटायझर, बाकावर खुणा, सगळं नीट केलेलं, त्याला नाव ठेवत नाही. खरं चर्च उघडलं म्हणून पॅरिशनं लाइव्ह मिस्सा त्याच महिन्यात बंद केली आणि वॉर्डाच्या फोनकडं पण लक्ष द्यायचं सोडलं. सरकारच्या नियमात काय होतं? पासष्टच्या वरच्यांनी, दहाच्या खालच्या पोरांनी, आजारी माणसांनी घरीच थांबावं. कॉयरला बंदी, तीर्थ शिंपडायला बंदी. म्हणजे रोज सकाळच्या मिस्सेला कोण येतं, तेच घरी! ज्यांच्यासाठी सेवा होती ते आत बसलेले आणि सेवा बंद. कमिटीत विचारलं तर उत्तर आलं की लाइव्ह चालू ठेवलं तर लोक आळशी होतात, चर्चला येत नाहीत. सत्तर वर्षांच्या बाईला आळशी म्हणायचं म्हणजे कमालच. बाईंनी कोणाला न विचारता फोन चालू ठेवला म्हणून आमचा वॉर्ड वाचला. बाकीच्या वॉर्डांत पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि परत सगळं बंद झालं तेव्हा नंबर शोधण्यापासनं सुरुवात. तेव्हा रोज कोणीतरी जात होतं, त्या दिवसांत नंबर शोधत बसायला वेळ कुठला.

खानापूरच्या बाजूच्या घरांसाठी मात्र दोन्ही सेवा अर्धवटच राहिल्या. जूनमध्ये पाऊस धरला की तिकडं लाइट जाते, लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवर पण जातो, मग यूट्यूब नाही आणि फोन पण नाही. तिथं सिस्टर लोक जीपनं जाऊन यायच्या, गेटच्या बाहेरनंच बोलायच्या, तांदूळ आणि गोळ्या कट्ट्यावर ठेवून. ह्या सेवेचा रिव्ह्यू तिकडच्या कोणीतरी लिहावा.

पैशाचं पण सांगतो कारण कोणी सांगत नाही. रविवारची पेटी बंद झाल्यावर क्यूआर कोड आला. तरण्या माणसांनी घातले, म्हाताऱ्यांनी पाकिटात ठेवून राखले आणि चर्च उघडल्यावर मागचा सगळा हिशोब आणून दिला, आईनं पण. सेवा फुकट होती, बाईंचा रिचार्ज त्यांच्या पेन्शनमधनं. ते पैसे पॅरिशनं द्यायला पाहिजे होते असं माझं मत आहे, बाई मात्र घेणार नाहीत.

आत्ताची स्थिती: यूट्यूब फक्त फेस्त (चर्चचा सण) आणि नाताळला. फोनची रोझरी आमच्या वॉर्डात अजून आहे, संध्याकाळी सातला, दोन गट झालेत. दुसऱ्या वॉर्डवाल्यांना चालू करायची असेल तर बाईंकडं वही बघून घ्या, त्या दाखवतात. मर्ज करणारा फोन चांगल्या बॅटरीचा ठेवा, कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना पहिलं दहाक द्या, नाहीतर त्यांना आपली पाळी कधी आली कळत नाही. आणि चर्चच्या दारावरचा क्यूआर कोड उन्हानं पांढरा पडलाय, स्कॅन होत नाही, कमिटीतलं कोणी वाचत असेल तर तेवढा बदला.