लोअरिंगच्या नव्या स्प्रिंगा म्हणून मला माझ्याच गाडीच्या कापलेल्या स्प्रिंगा विकल्या

सोलापुरात गाडी ‘खाली बसवून’ घेण्याचे, म्हणजे लोअरिंगचे, वेड अलीकडे चांगलेच वाढले आहे. संध्याकाळी होटगी रस्त्यावर किंवा सात रस्त्याला थोडा वेळ थांबले, तरी टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटही शिरणार नाही इतक्या खाली आणलेल्या दोन-चार गाड्या सहज नजरेस पडतात. गाडी खाली आणली की ती वळणावर रस्ता अधिक चांगला धरते, असे हे काम करणारे सांगतात. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. योग्य ताकदीच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर एकत्र बसवले, तर गुरुत्वमध्य खाली येऊन गाडी खरोखरच स्थिर वाटते. मात्र याच अर्ध्या सत्याच्या आडून माझी फसवणूक झाली, आणि जी गाडी अधिक सुरक्षित व्हायची होती ती कुटुंबाला घेऊन रस्त्यावर काढण्याच्या लायकीची राहिली नाही. गॅरेजचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण अद्याप मिटलेले नाही.

माझ्याकडे साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. गॅरेजच्या मालकाने मला एका परदेशी कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगांचा सीलबंद खोका दाखवला, गाडी सुमारे तीस मिलिमीटर खाली येईल असे सांगितले आणि बसवण्याच्या मजुरीसह साडेअठरा हजार रुपये घेतले. ‘मालक, गाडी रोडला चिकटून पळेल, बघा तुम्ही,’ हे त्याचे शब्द. रात्रभर गाडी त्याच्याकडे ठेवावी लागेल, हीदेखील अट होती. दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली तेव्हा चारही चाकांमागे लालभडक स्प्रिंगा दिसत होत्या, आणि ‘मालकांना आपल्याकडून भेट’ म्हणून मागच्या चाकांना स्पेसरही, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्याही, लावलेले होते. जुन्या स्प्रिंगा मागितल्यावर त्या भंगारवाल्याला दिल्याचे उत्तर मिळाले. पावती मिळाली ती कच्ची; तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना स्प्रिंगांचा पार्ट नंबर, फक्त ‘लोअरिंग काम’ एवढेच दोन शब्द.

या कामातील लबाडी लगेच उघडकीस येत नाही, यामागे एक तांत्रिक कारण आहे. स्प्रिंगेचे वेढे कमी केले की ती त्याच प्रमाणात कडक होते. उदाहरणार्थ, सहा कार्यरत वेढ्यांपैकी दीड वेढा कापला, तर स्प्रिंग सुमारे ३३ टक्के अधिक कडक होते. त्यामुळे सुरुवातीला ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक कमी दबते, स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते, आणि चालवणाऱ्याला वाटते की पैसे वसूल झाले. होटगी रस्त्याच्या गुळगुळीत भागावर मलाही तसेच वाटले. खरे रूप दिसले ते चार माणसे आणि सामान घेऊन तुळजापूरला जाताना. घाटातल्या एका वळणावर, वेग फारसा नसतानाही, रस्त्यातील उंचवट्यावरून मागची चाके गेली आणि गाडीची मागची बाजू अक्षरशः बाहेरच्या अंगाला फेकली गेली. समोरून एसटी येत होती. गाडी सावरली, पण मागे बसलेल्या आईने त्यानंतर मंदिरापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

परत आल्यावर अक्कलकोट रस्त्यावरील एका जुन्या, अलाइनमेंटचे काम करणाऱ्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, चाक हवेत लोंबकळू दिले आणि मागची स्प्रिंग नुसत्या दोन बोटांनी गरकन फिरवून दाखवली. ‘साहेब, ही बसलेलीच नाही. खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं तर ही जागा सोडणार.’ मग पटाशीने त्यांनी लाल रंग थोडा खरवडला. आत कंपनीचा काळा थर होता आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाचे दोन ठिपके, जे कारखान्यात स्प्रिंग ओळखण्यासाठी मारले जातात. खालच्या टोकाला वेढा हळूहळू सपाट होत न जाता एकदम तुटक संपत होता आणि त्या कापलेल्या तोंडाजवळचे पोलाद निळसर-जांभळे पडले होते. असा रंग गॅस कटरच्या उष्णतेने येतो. त्या भागातील पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कणखरपणा जातो, आणि अशी स्प्रिंग कालांतराने बसते किंवा मोडते. थोडक्यात, खोका परदेशी कंपनीचा दाखवला, आणि गाडीत बसल्या त्या माझ्याच गाडीच्या मूळ स्प्रिंगा, कापून व रंगवून. ‘भंगारात दिल्या’ या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला.

घाटात नेमके काय झाले, हेही चाचांनी समजावले. शॉक ॲब्सॉर्बर मूळ स्प्रिंगेच्या ताकदीला जुळवलेले असतात. स्प्रिंग अधिक कडक झाली की तिची उसळी थोपवणे त्यांना झेपत नाही, आणि गाडी एका धक्क्यानंतर नाचत राहते. शिवाय गाडी खाली आल्याने चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. चार माणसे बसली की मागची बाजू जवळजवळ बम्प स्टॉपवरच, म्हणजे सस्पेन्शन शेवटी जिथे अडते त्या रबरी ठोकळ्यावरच, टेकते, आणि भर वळणात उंचवटा आला की त्या चाकाचे सस्पेन्शन एका क्षणात दगडासारखे घट्ट होते. मग टायरची पकड सुटते. हे मागे घडले की गाडीची शेपूट निसटते, पुढे घडले तर गाडी वळायचे सोडून सरळ जाते. पुढच्या बाजूला आणखी एक गोष्ट बिघडते. गाडी खाली आल्यावर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर बहुधा गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो, त्यामुळे तेवढ्याच वेगाच्या वळणावर बॉडीला कलंडवणारा जोर उलट वाढतो. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलत असल्याने खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टिअरिंग स्थिर धरले तरी चाक थोडे आपोआप वळते. माझे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्लेले होते. टो, म्हणजे चाके पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, जुळवता आला. कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, जुळवण्याची सोय या गाडीत मुळातच नाही.

‘भेट’ मिळालेले स्पेसरही निरुपद्रवी नव्हते. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि चाक हबच्या (ज्यावर चाक बोल्टांनी आवळले जाते त्या भागाच्या) मधल्या गोलावर नीट बसत नसेल तर सगळा भार बोल्टांवर येतो. बोल्ट मूळ लांबीचेच होते. म्हणजे स्पेसरच्या जाडीइतके त्यांचे आटे हबमध्ये कमी धरत होते. मला या साऱ्या प्रकारात सर्वाधिक संताप याचा आला, कारण येथे पैसे वाचवण्याचाही प्रश्न नव्हता, केवळ देखावा होता.

त्याच गॅरेजने मला मूळ १८५/६५ आर१५ टायरऐवजी २०५/४५ आर१७ घालण्याचाही आग्रह केला होता. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा येतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण माझ्या मूळ टायरवर भारक्षमतेचा अंक ८८ आहे, म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो; तो देत असलेल्या टायरवर ८४ होता, म्हणजे ५०० किलो. हा अंक टायरच्या बाजूवर मापाशेजारीच छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही.

बाहेरच्या देशांतही अशा फॅशनवरून वाद आहेत. पुढची बाजू उंच आणि मागची खाली करून गाडी चालवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये कायद्याने बंदी आणली, कारण चालकाला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

ही तरतूदच फसवणाऱ्यांची ढाल बनते. मी जाब विचारायला गेलो तेव्हा गॅरेजचा मालक आधी खोक्याची आठवण देत राहिला, आणि चाचांनी काढलेली छायाचित्रे दाखवताच आवाज बदलून म्हणाला, ‘करा तक्रार. आरटीओ आधी तुमचीच गाडी आत घेईल.’ बरेच जण येथेच गप्प बसतात. परंतु माझी तक्रार बदल चांगला की वाईट याची नाही. माझीच वस्तू मला नवी म्हणून विकली, ही आहे. ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेत मोडते, दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे मांडता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी पहिली नोंद तेथेच केली.

तरीही कोणाला हे काम करून घ्यायचेच असेल, तर खोका आपल्यासमोर फोडून घ्यावा, स्प्रिंगेवरील पार्ट नंबरचे छायाचित्र काढावे, गाडी रात्रभर ठेवू नये आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा डिकीत टाकून घेतल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नये. अखंड जुन्या स्प्रिंगा हातात आल्या, तर निदान त्याच कापून परत बसवलेल्या नाहीत एवढे नक्की होते.

मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ स्प्रिंगा, बम्प स्टॉप आणि तेल गळू लागलेले पुढचे दोन शॉक ॲब्सॉर्बर नवे घालून घेतले. त्याचा खर्च लोअरिंगपेक्षा अधिक आला. चाचांनी तपासणीत काय आढळले ते त्यांच्या पावतीपुस्तकावर तारखेसह लिहून दिले आहे. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवल्यावर गॅरेजवाल्याने निम्मी रक्कम देऊ केली, पण बदल्यात ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे लिहून आणि कापलेल्या स्प्रिंगा परत मागितल्या. मी दोन्हींना नकार दिला आहे. त्या चारही स्प्रिंगा, खरवडलेल्या जागी पिवळे ठिपके दिसतील अशा, आयोगापुढे सादर करण्यासाठी माझ्याकडे आहेत.