'फेअर'ला दुसरा शब्द हवाय: रॉजेट घ्यावा की साधा ए-टू-झेड कोश?

शाळेत वह्या दोन असायच्या, रफ आणि फेअर. मग गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'हे फेअर नाही' ऐकलं, लग्नाच्या बायोडेटात 'कॉम्प्लेक्शन: फेअर' वाचलं, आणि रेशनच्या दुकानावर 'फेअर प्राइस शॉप'ची पाटी तर कायमचीच. शब्द एक आणि अर्थ ज्याचा त्याला वेगळा. मी घरी बसून मराठीचं इंग्रजी करून देण्याची किरकोळ कामं घेतो. त्यात हा शब्द एकाच पानावर तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की हात समानार्थी कोशाकडे जातो. कोश कुठला घ्यावा, असं मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे दोन्ही तऱ्हेचे आहेत. एक रॉजेट, म्हणजे कल्पनांनुसार लावलेला. दुसरा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, ए-टू-झेड, शब्दागणिक वाक्य देणारा. फोनवर फुकट मिळतं ते घाईच्या वेळी चालतं, पण त्याला मी कोश म्हणत नाही.

रॉजेटवर माझा जुना जीव आहे. पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. १८०५ मध्ये त्याने स्वतःच्या वापरासाठी शब्दांची यादी केली, आणि कोश छापून आला १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. सहा मोठे वर्ग, त्यांच्या पोटात हजार शीर्षकं. प्रस्तावनेच्या तळटीपेत आपला अमरकोश, म्हणजे संस्कृतमधला जुना समानार्थी कोशही भेटतो. हेन्री कोलब्रुक या इंग्रज संस्कृत अभ्यासकाने त्याचं इंग्रजी केलं होतं, ते १८०८ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापलं गेलं, त्याचा तिथे उल्लेख आहे. इतक्या जुन्या काळी शब्द अर्थावार लावायचा प्रयत्न झाला याचं रॉजेटला कौतुक वाटलं, पण अमरकोशाची रचना त्याला फार अपुरी आणि गोंधळाची वाटली. अमरकोश पाठ केलेल्या आमच्या आजोबांना हे कळलं असतं तर रॉजेट घरात आला नसता.

असो. रॉजेटमध्ये शब्द थेट सापडत नाही. आधी मागची सूची. तिथे 'फेअर'खाली न्याय, सौंदर्य, फिकट रंग, मध्यमपणा, असे फाटे आणि त्यांचे आकडे. जत्रेचा 'फेअर'ही तिथेच, जो मुळात वेगळाच शब्द: तो लॅटिन 'फेरिया'वरून आला आणि बाकीचे जुन्या इंग्रजीतल्या 'सुंदर' अर्थाच्या शब्दावरून. एक बोट सूचीत अडकवायचं, दुसऱ्या हाताने आकडा गाठायचा. याचा मला कंटाळा नाही. उलट वाटेत चार भलतेच शब्द हाती लागतात आणि अर्धा तास छान जातो.

माझी अडचण त्यानंतर सुरू होते. तिथे शब्दांचा गच्च परिच्छेद असतो आणि कुठला शब्द कुठे चालतो याबद्दल एक अक्षर नसतं. शेजारच्या मुलासाठी मी एकदा शिफारसपत्र लिहिलं. त्याला गुजराती बऱ्यापैकी येतं, हे सांगायचं होतं. 'फेअर' वरच्याच ओळीत येऊन गेलेला, म्हणून रॉजेट उघडला. शेजारीच 'टॉलरेबल' दिसला, तो टाकला आणि पत्र दिलं. आठवड्याने मुलगा दारात. "काका, माझं गुजराती इतकं वाईट आहे का?" मुलाखतीत साहेबांनी नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं होतं. टॉलरेबल म्हणजे सहन होण्याजोगं, कसंबसं चालवून घेण्यासारखं. चूक माझीच, कोशाने काही तो शब्द लिही म्हणून सांगितलं नव्हतं. पण लिहू नको असंही कुठे सांगितलं नव्हतं.

ए-टू-झेड कोशात शब्द मूठभरच, पण प्रत्येकाची सोयरीक दिलेली. 'रीझनेबल' जातो किमतीशी, विनंतीशी, अपेक्षेशी. 'इम्पार्शल' पंचाला, सल्ल्याला, कुणाची बाजू न घेणाऱ्याला. 'इक्विटेबल' वाटपाला, तोही लेखी, जरा कडक इस्त्रीच्या भाषेत. 'जस्ट' शिक्षेला आणि कायद्याला. एखाद्या शब्दात नाक मुरडल्याची छटा असेल, तर तेही लिहिलेलं असतं. रंगाच्या बाबतीत हे फारच उपयोगी पडतं: 'ब्लॉन्ड' केसांसाठी, 'पेल' म्हटलं तर आजारी दिसतेस असा अर्थ निघू शकतो. बायोडेटा लिहिणाऱ्यांनी जपून. खरं तर तो रकानाच गाळा. त्या प्रसिद्ध क्रीमनेसुद्धा २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घेतला.

आपल्याला एक फायदाही आहे, जो इंग्रजांना नाही. त्यांनी एका शब्दात कोंबलेलं मराठीने आधीच वेगळं करून ठेवलंय: रास्त, वाजवी, न्याय्य, निःपक्षपाती, गोरा, बऱ्यापैकी. 'बरा आहे' आणि 'बऱ्यापैकी आहे' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. कोश उघडण्याआधी मी मराठी शब्द कागदावर लिहितो. ए-टू-झेडमध्येही शब्द अर्थावार तोडलेले असल्यामुळे त्या मराठी शब्दाचा कप्पा लगेच सापडतो. रॉजेटमध्येही कप्पा मिळतो, पण आत शिरल्यावर अंधार.

ज्यांचं इंग्रजी मुरलेलं आहे, ज्यांना शब्द माहीत असतो आणि फक्त आठवत नसतो, त्यांना माझं म्हणणं कदाचित पटणार नाही. शब्दकोडी सोडवणाऱ्यांनाही नाही. त्यांनी रॉजेटच घ्यावा. माझ्यासारख्या, शाळेत आणि पुढे कचेरीत इंग्रजी शिकलेल्या माणसाने एकच घ्यायचा झाला, तर मी ए-टू-झेड कोशाकडे बोट दाखवीन.

अप्पा बळवंत चौकात गेलात तर नुसत्या मुखपृष्ठावर जाऊ नका. रॉजेटचं नाव छापलेली कित्येक पुस्तकं आत ए-टू-झेडच असतात, आणि तीही वाक्यांशिवाय, म्हणजे दोन्हीकडून तोटा. काउंटरवरच 'फेअर' काढा आणि 'टॉलरेबल'पुढे काय लिहिलंय ते बघा. नुसता स्वल्पविराम असेल, तर पुस्तक परत ठेवा.