जुन्या सीडी प्लेअरचे क्लॉक: दोन पायांचा क्रिस्टल की तयार ऑसिलेटर?

ऐंशीच्या दशकातला सीडी प्लेअर मे महिन्याच्या दुपारी अर्धा तास नीट वाजून एकाएकी मुका होत असेल आणि रात्री हवा निवली की मुकाट्याने पुन्हा चालू होत असेल, तर लेसर बदलण्याच्या आधी क्लॉककडे, म्हणजे प्लेअरच्या चिपला ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या भागाकडे, पाहावे. परभणीला माझ्याकडच्या प्लेअरची हीच तऱ्हा होती. पारा बेचाळिशीच्या पुढे गेला की तो बंद पडे, आणि ती लय ठरवणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलच्या पत्र्याच्या टोपणावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकीशी टिचकी मारली की पुन्हा वाजू लागे. दोन्ही पायांचे डाग नव्याने दिले तरी फरक पडला नाही, तेव्हा दोष क्रिस्टलच्या पोटातच आहे असे मी धरले.

तपासताना एक चूक मी केली, ती आपण करू नये. ऑसिलोस्कोपचा (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब 1 एक्सवर, म्हणजे सिग्नल न घटवणाऱ्या खुणेवर, ठेवून थेट क्रिस्टलच्या पायाला लावला, तर त्याचा आणि केबलचा मिळून साधारण 100 पिकोफॅरडचा भार त्या नाजूक जोडणीवर पडतो आणि धडधाकट क्लॉकसुद्धा थांबते. या घोळात मी एक संध्याकाळ चांगल्या चिपला दोष देत बसलो. प्रोब कमी भार टाकणाऱ्या 10 एक्सवर घ्यावा, आणि शक्य तर बफरच्या, म्हणजे क्लॉकची लहर पुढे पोचवणाऱ्या टप्प्याच्या, पुढच्या पिनेवर टेकवावा.

पुढचा प्रश्न दुरुस्तीचा. मूळ जोडणी तशीच ठेवून नवा क्रिस्टल बसवायचा, की क्रिस्टल व त्याचे कपॅसिटर काढून टाकून चार पायांचा तयार ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टल आणि त्याला चालवणारी जोडणी एकाच डबीत असलेला भाग, बाहेरून जोडायचा? जाणकार मित्रांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता, म्हणून मी आधी तोच केला. त्याला स्वतंत्र 7805 (स्थिर 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर) दिला आणि चिपच्या इनपुट पिनेपर्यंत वीतभर वायर ओढली. प्लेअर पहिल्याच फटक्यात सुरू झाला, दुपारीही थांबला नाही. जिटर, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांची बारीक थरथर, कमी झाल्याने आवाज उजळतो असे सांगतात. माझ्या कानाला तसा फरक जाणवला नाही, पण माझे कान काही तराजू नव्हेत, कुणाला जाणवत असेल तर मी वाद घालणार नाही.

माझे मत फिरले ते खालच्या फळीवरच्या एफएम रेडिओमुळे. प्लेअरला नुसती वीज दिली, तबकडी घातली नसली तरी, आमच्याकडे लागणाऱ्या आकाशवाणीवर खरखरीचा थर चढू लागला. हिशेब केला तेव्हा कारण उमगले. या प्लेअरचे क्लॉक 11.2896 मेगाहर्ट्झचे, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झच्या 256 पट, आणि त्याची नऊपट होते 101.6, म्हणजे नेमका एफएमचा पट्टा. तयार ऑसिलेटर कडक काठांची चौकोनी लहर देतो, तिच्यात विषम पटी भरपूर असतात, आणि माझी वीतभर वायर त्यांची अँटेना झाली होती. वायर दोन बोटांवर आणली, मुळाशी 47 ओहमचा रेझिस्टर घातला, फेराइटचा मणी ओवला. खरखर उतरली, गेली नाही. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास अण्णा खोलीतून हाक मारत, "तुझं ते यंत्र बंद कर आधी, बातम्या लागल्यात." महिनाभर हे ऐकल्यावर मी तो ऑसिलेटर उपटला. मूळ क्रिस्टलमुळेही रेडिओवर काहीच येत नसेल असे मी म्हणणार नाही, पण तिथे लहर बरीच गुळगुळीत असते आणि वाट जेमतेम अर्ध्या इंचाची, त्यामुळे आमच्या घरी तरी ऐकू येण्याजोगे काही उरले नाही.

क्रिस्टलचा मार्ग मात्र वाटतो तितका सरळ नाही, आणि त्यातली खरी मेख दुकानात आहे. गावातल्या दुकानात मला 11.0592 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल "हाच चालतो" म्हणून मिळाला. इंजिनिअरिंगची मुले 8051 या मायक्रोकंट्रोलर चिपच्या प्रोजेक्टसाठी तोच नेतात, म्हणून तो सगळीकडे असतो. प्लेअर त्यावर चाललाही, पण सगळे दोन टक्के मंद. तासाभराची तबकडी सव्वा मिनिट जास्त वाजते आणि सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. ओळखीच्या अभंगाबरोबर पेटी वाजवायला बसलो तेव्हा एकही पट्टी जुळेना, म्हणून ते लक्षात आले. उलट योग्य क्रिस्टलमध्ये दशलक्षात पन्नास भागांची चूक असली तरी तासाला 0.18 सेकंदाचाच फरक पडतो, तेव्हा तयार ऑसिलेटरच्या जाहिरातीतली अचूकता सुरासाठी तरी मला निरुपयोगी वाटते.

योग्य क्रिस्टल मी हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीतून आणला. मागताना वारंवारितेबरोबर लोड कपॅसिटन्सही, म्हणजे क्रिस्टलला बोर्डावर एकूण किती कपॅसिटन्स दिसेल तेही, सांगावा. माझ्या बोर्डावर 33 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर होते. त्यांचे एकसरीत साडेसोळा, वर बोर्डाचे तीन-चार, म्हणून 20 पिकोफॅरडचा क्रिस्टल घेतला. ते दोन्ही कपॅसिटरही त्याच बैठकीत एनपीओ प्रकारचे, म्हणजे उष्णतेने मूल्य जवळजवळ न बदलणारे, नवे घातले, कारण उष्णतेने मूल्य सरकणाऱ्या जुन्या सिरॅमिकवर भरवसा ठेवायचा आणि मग क्रिस्टलला बोल लावायचा, यात अर्थ नाही.

चिपच्या आतला इन्व्हर्टरच, म्हणजे क्रिस्टलला चालते ठेवणारा छोटा भागच, मेला असेल तर मात्र कितीही क्रिस्टल बदला, क्लॉक उठणार नाही. तिथे तयार ऑसिलेटरला पर्याय नाही, आणि आपल्या घरात एफएम कुणी ऐकत नसेल तर माझी तक्रार आपल्याला लागूही पडत नाही. एवढे दोन अपवाद सोडले तर मी दोन पायांच्या बाजूने आहे. यंदाचा मे त्याच क्रिस्टलवर निघाला. हैदराबादहून दोन आणले होते. दुसरा प्लेअरच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावून ठेवला आहे, वर पेनाने वारंवारिता लिहून.