केरळी तेल की मोरोक्कन बाथ? आखातात निघालेल्या कोकणी माणसासाठी

दापोली, मंडणगड, खेड या आमच्या पट्ट्यात कुणी ना कुणी दुबई-शारजाला निघालेलं असतंच, आणि निघायच्या आधी माझ्याकडे डोकावून जातं. खोली कुठे बघू, पैसे घरी कसे पाठवू, हे आता कुणी विचारत नाही. ते सगळं मोबाइलवर कळतं. अलीकडे प्रश्न वेगळाच असतो. "काका, तिकडे अंग दुखायला लागलं की केरळवाल्यांकडे जायचं की त्या मोरोक्कन बाथला?" मी तिकडे बरीच वर्षं काढली. दोन्हीकडे हौसेने गेलो आणि शेवटी एकीकडेच जात राहिलो. तुमचं मत वेगळं पडू शकेल, पण माझं कशावरून झालं ते सांगतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. गाडीच्या काचेला आणि दाराच्या फटीत खोचलेली मसाजची रंगीत कार्डं तिकडे जागोजागी दिसतील. ती हातातही घेऊ नका. त्यातून लुबाडणूक झाल्याच्या बातम्या तिकडच्या पेपरात येत असतात आणि पोलीसही पुन्हा पुन्हा बजावतात. आपण बोलतोय ते परवाना भिंतीवर लावलेल्या, उजेडात चालणाऱ्या जागांबद्दल.

तर केरळी आयुर्वेद. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. बर दुबई, करामा, शारजा, जिथे मल्याळी वस्ती तिथे केंद्रं. चांगल्या ठिकाणी आधी वैद्य तपासतो, पोट साफ होतं का, झोप लागते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, सगळं विचारतो. पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायकाच, ही शिस्त केरळातूनच आलेली. लाकडी द्रोणीवर झोपवतात, तेल सुखद गरम करून घेतात, आणि हात असा चालतो की कुठे दुखतंय ते तुम्ही सांगायच्या आत त्याला सापडलेलं असतं. गोदामात दिवसभर उभं राहून माझी कंबर धरायची, तेव्हा कटिबस्ती केली. उडदाच्या पिठाचं कडं कमरेवर चिकटवून त्यात कोमट तेल भरून ठेवतात. थंड झालं की काढायचं, पुन्हा गरम भरायचं. मला तरी उतार पडला. कोट्टक्कलच्या आर्य वैद्य शाळेसारख्या १९०२ पासून चालत आलेल्या संस्था ज्यांच्या पाठीशी आहेत, त्यांना मालीश कशी करावी हे आपण काय शिकवणार?

अडलं ते मालीश झाल्यानंतर.

तास-दीड तास तेलात मुरल्यावर तो पोरगा टॉवेलने वरवर टिपतो आणि म्हणतो, "सर, एक घंटा नहाना नहीं, तेल अंदर जाने दो." बरोबरच आहे त्याचं. पण हा एक घंटा मी काढायचा कुठे? केंद्रातली खोली पुढच्या गिऱ्हाइकासाठी हवी असते. काही ठिकाणी नहाणी असते, नाही असं नाही. तिथे कागदी कपात मूठभर मुगाचं पीठ आणि शाम्पूची एक पुडी ठेवलेली, बाहेर दुसरा माणूस खोकत उभा. मुगाच्या पिठाने तेल निघतं, पण ते शांतपणे, हाताने जिरवत लावलं तर. पाठीला आपला हात पोचत नाही. पाठीवरचं तेल पाठीवरच राहतं.

मग एक जुना टी-शर्ट पिशवीतून न्यायचा, तो चढवायचा, आणि टॅक्सी बघायची. टॅक्सीवाला आधी तुमच्या केसांकडे बघतो, मग स्वतःच्या सीटच्या कव्हराकडे. उन्हाळा असला तर टॅक्सी मिळेपर्यंत तेलावर घाम, घामावर धूळ. थंडी असली तर टॅक्सीतला एसी थेट तेलकट टाळूवर, आणि रात्री सर्दी. घरी येऊन बघावं तर बेडस्पेसचं, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्याने घेतलेलं बिऱ्हाड, एका न्हाणीवर सहा जण. आपण अंघोळ करून बाहेर येतो आणि मागून जाणारा घसरतो. माझा एक रूम पार्टनर, गडी संगमेश्वरचा, एरवी शब्दाने न दुखावणारा, तो एकदा आतूनच ओरडला, "अरे, ही न्हाणी आहे की तेलाचा घाणा?" उशीचे अभ्रे पिवळे पडले, मोरीला बुळबुळीत थर धरला, इमारतीचा वॉचमन दोनदा वर येऊन गेला. कंबर हलकी झाली, पण ते तेल उतरवताना पुन्हा धरली, असंही झालंय.

हे कुरकुरणं क्षुल्लक वाटेल, पण मुळात तेल लावणं हे अर्धंच काम आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने दिनचर्या सांगितली आहे त्यात अभ्यंगानंतर व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे अंग चोळून घासणं, आणि मग स्नान असा क्रम आहे. आपल्याकडे नरकचतुर्दशीला तेच तर होतं. पहाटे आईने तेल चोळायचं, मग उटण्याने कोपरं, मान, घोटे खरखरून काढायचे, "आई गं" म्हटलं की अजून दोन हात जास्त, आणि चुलीवरच्या हंड्यातलं पाणी तांब्या-तांब्याने डोक्यावर. तेल लावणारा हात आणि धुणारा हात एकच. तिकडच्या केंद्रात पहिला हात पैसे दिले की मिळतो; दुसऱ्यासाठी तुम्ही आणि तुमची सामाईक न्हाणी.

मोरोक्कन बाथमध्ये नेमका हा दुसरा हात मिळतो.

नाव मोरोक्कोचं असलं तरी आखातात हा प्रकार गल्लोगल्ली आहे. बायकांच्या सलूनमध्ये तर हमखास, आणि पुरुषांच्याही बऱ्याच ठिकाणी. आधी वाफेच्या खोलीत बसवतात. मग काळा साबण लावतात. हा आपल्या वडीसारखा नसतो. ऑलिव्हचं तेल आणि पोटॅशपासून केलेला, लोण्याइतका मऊ, तपकिरी-काळा लगदा असतो. फेस फारसा येत नाही. तो अंगावर थोडा वेळ मुरू देतात, धुऊन काढतात, आणि मग तो माणूस हातात खरखरीत मोजा चढवतो. त्याला केस्सा म्हणतात. दगडी ओट्यावर पालथं पाडून मानेपासून टाचेपर्यंत लांब लांब हात मारतो, आणि अंगावरून खोडरबराच्या चुऱ्यासारख्या करड्या वळ्या सुटायला लागतात. पहिल्यांदा लाज वाटते. आपण रोज अंघोळ करणारी माणसं, हे आलं कुठून? तो काही बोलत नाही, उलट वळ्या तुम्हाला दाखवतो. त्याच्या कामाची पावतीच ती! मग पाणी. बादलीने, भरपूर, एकदा सोडून दोनदा. कुठे कुठे गसूल नावाची ॲटलस डोंगराकडची माती लावतात. मुलतानी माती वापरणाऱ्याला तिचं नवल वाटायचं नाही. शेवटी खांद्यावर थाप मारून "खलास!"

बाहेर पडताना अंगावर काही चिकटलेलं नसतं. स्वच्छ शर्ट घालून सरळ जेवायला जाता येतं. टॅक्सीवाला ढुंकून बघत नाही.

आमच्याकडे उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात ज्याने अंग सैल सोडून दिलंय, त्याला त्या वाफेच्या खोलीची सवय लगेच होईल. उन्हवऱ्याचं गंधकाचं पाणी अंगाला चांगलं म्हणून लोक लांबून येतात. पाठ घासायला मात्र सोबत भाऊबंदच न्यावा लागतो.

खोटं कशाला बोलू, हमामच्याही, म्हणजे या मोरोक्कन बाथच्याही खोडी आहेत. कागदी चड्डी देतात ती ओली झाली की फाटते; स्वतःची जुनी घेऊन जा. घासणारा तरणाबांड आणि घाईत असला तर कातडी लाल होते, तेव्हा "शुवै शुवै", हळू हळू, एवढं अरबी पाठ करून ठेवा. त्याच दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलेलं नसावं, उन्हाने करपलेल्या किंवा जखम असलेल्या अंगावर तर नाहीच. रक्तदाब, हृदयाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वाफेत बसू नये. नंतर कातडी कोरडी पडते, विशेषतः तिकडच्या थंडीत आणि एसीत. अर्गनचं तेल देऊ करतात, त्याचे वेगळे पैसे. अर्गन चांगलंच आहे. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येकडच्या बायकांची ती विद्या युनेस्कोने २०१४ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण माझ्या बॅगेत घाण्याचं खोबरेल असायचं. ओल्या अंगावर चार थेंब पुरतात. एसीच्या खोलीत ते थिजतं, म्हणून आधी बाटली मुठीत धरायची किंवा कोमट पाण्यात ठेवायची. टाचांसाठी घरून कोकमाच्या तेलाचा गोळा नेलात तर तिकडचं महागडं मलम घ्यायला नको.

बायकांच्या बाजूचं मला ऐकूनच माहीत. आमच्या वहिनी व्हिजिटवर आल्या होत्या, त्यांना मी आधी केरळी केंद्राचं सुचवलं होतं, गुडघ्यांसाठी. त्यांना तिथल्या बाईंचा हात आवडला, पण लांब केसांतलं तेल काढता काढता दुसरा दिवस उजाडला. नंतर शेजारणीबरोबर मोरोक्कन बाथला गेल्या आणि आल्या त्या म्हणाल्या, "भावजी, दिवाळी झाली माझी!" गुडघे मात्र तेलानेच बरे वाटले होते, हेही त्याच सांगतात.

म्हणजे दुखणं असेल, कंबर, गुडघे, मान, तर केरळी वैद्याकडेच जा. घासून सांधे सुटत नाहीत. मात्र तिथे पहिल्याच दिवशी सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचा कोर्स पुढे करतील. दोनदा जाऊन बघा, मग ठरवा. आणि आधी एवढंच विचारा: "अंघोळ इथेच करता येईल का, आणि पाठ कोण धुणार?" पाठ धुऊन देणारं केंद्र सापडलं तर माझा अर्धा वाद तिथेच मिटला. दुखणं काही नसेल, नुसता शीण असेल, आठवड्याची धूळ असेल, घरची आठवण असेल, तर मी तरी मोरोक्कन बाथकडे बोट दाखवीन. एकटं राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुणी पाणी घालून न्हाऊ घालणं म्हणजे काय, ते तिकडे गेल्याशिवाय कळत नाही.

हिजामा, म्हणजे पेले लावून रक्त काढण्याचा प्रकार, तिकडे खूप चालतो. परवानाधारक दवाखान्यातच करावा. मी त्या वाटेला गेलो नाही. न्हाव्याच्या दुकानातली चंपी स्वस्तात मस्त, त्यात ठरवण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र करून बघाच: सिद्र. बोराच्या जातीचं झाड, त्याच्या पाल्याची पूड मसाल्याच्या दुकानात मिळते. पाण्यात कालवली की फेस धरते. शिकेकाई संपली म्हणून आणली होती, आता दापोलीत बसूनही मागवतो.

जायचंच ठरलं तर केस्साचा मोजा स्वतःचा घ्या. सुपरमार्केटात सहज मिळतो, काळ्या साबणाचा डबाही तिथेच. दुसऱ्याच्या अंगाला लागलेला मोजा आपल्या अंगाला नको, आणि "नवीन उघडा" म्हणून वाद घालण्यापेक्षा आपला पुढे केलेला बरा. वार कामाचा असू द्या, दुपारची वेळ बघा. शनिवार-रविवारी गर्दीत कुणीच निवांत घासत नाही. रमजानात वेळा बदलतात, फोन करून जा. ईदच्या आधीच्या दिवसांत बायकांच्या बाजूला नंबरच लागत नाही. वहिनी, आई, बहीण कुणी व्हिजिटवर येणार असेल तर त्यांची तारीख तिकीट काढतानाच बघून ठेवा.